शाळाबंदीतील शिक्षण

साथीच्या रोगाचा फैलाव रोखण्यासाठी शाळांच्या इमारती बंद ठेवाव्या लागल्या असता विद्यार्थ्यांचे अध्ययन चालू राहावे म्हणून केलेल्या व्यवस्थेस ही संज्ञा लावता येईल. दूरशिक्षणाशी [⟶ दूरशिक्षण] तिचे साम्य असले, तरी दोहोंत एक मूलभूत भेद आहे. दूरशिक्षण हे शिकणाऱ्याने आपल्या सोयीनुसार पत्करलेले असते. तो बहुधा प्रौढ असतो आणि त्याला लिहितावाचता येत असते. शाळाबंदीत मात्र पहिलीत नुकतेच नाव घातलेल्या मुलापासून शालान्त परीक्षेस बसणाऱ्या मुलीपर्यंत सर्वांवर घरी शिकण्याची वेळ एकाच दिवशी येते आणि शिक्षक, पालक वा विद्यार्थी यांपैकी कोणाचीही त्यासाठी तयारी झालेली नसते. कोविड-१९ च्या जागतिक साथीत (२०२०–२२) हा प्रश्न सर्व जगापुढे उभा राहिला. एप्रिल २०२० मध्ये, यूनेस्कोच्या गणनेनुसार, १९० हून अधिक देशांतील सु. १६० कोटी विद्यार्थी शाळा-महाविद्यालयांबाहेर होते, त्यांपैकी सु. ३२ कोटी भारतातील होते. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील, विशेषतः मराठवाड्यातील हिंगोलीसारख्या ग्रामीण जिल्ह्यातील, परिस्थितीच्या आधारे या व्यवस्थेचा विचार केला आहे.

पूर्वेतिहास : साथ आली म्हणजे शाळा बंद करणे ही प्रथा जुनी आहे, बंद शाळेतील मुलांना शिकविण्याचा प्रयत्न त्या मानाने अलीकडचा होय. १८९६ मध्ये मुंबईत उद्‌भवलेला प्लेग पुढे पुण्यात आणि दख्खनच्या गावोगावी पसरला. त्या काळी लोक गाव रिकामे करून माळावर झोपड्या घालून राहत. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम प्लेगमुळेच १९०० मध्ये पुण्याबाहेर हिंगणे येथे हलविण्यात आला. विद्यार्थिनींना घरी न पाठविता शाळाच साथीपासून दूर नेण्याचा हा मार्ग निवासी संस्थेलाच शक्य होता. दिवसाच्या शाळेला तो उपयोगाचा नव्हता.

दिवसाच्या शाळेसाठी पहिला मोठा प्रयोग अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. सप्टेंबर १९३७ मध्ये बालपक्षाघाताच्या (पोलिओच्या) साथीमुळे तेथील शाळा सु. तीन आठवडे उघडता आल्या नाहीत. तेव्हा शहरातील नभोवाणी केंद्रांनी पाठांसाठी वेळ दिला, वृत्तपत्रांनी त्या दिवशीच्या पाठांचे वेळापत्रक व प्रश्न छापले आणि पालकांच्या शंकांसाठी दूरध्वनीवर शिक्षक बसविण्यात आले. सु. ३ लाख १५ हजार मुलांसाठी केलेली ही योजना तिसरी ते आठवी या इयत्तांपुरतीच होती. पहिली-दुसरीची मुले नभोवाणीवरून शिकू शकणार नाहीत, असे योजकांनी गृहीत धरले होते. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही मर्यादा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. न्यूझीलंडमध्ये १९४७-४८ च्या पोलिओच्या साथीत टपालाने व नभोवाणीवरून पाठ पुरविले गेले. पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीमुळे सप्टेंबर २०१४ मध्ये उघडावयाच्या शाळा एप्रिल २०१५ मध्ये उघडल्या; मधल्या काळात तेथेही नभोवाणीचाच आधार घ्यावा लागला. हे सर्व प्रसंग काही आठवड्यांचे वा महिन्यांचे होते. सलग दोन शैक्षणिक वर्षांना व्यापणारी शाळाबंदी यापूर्वी कोणी अनुभवलेली नव्हती.

महाराष्ट्रातील शाळाबंदी : मार्च २०२० च्या मध्यावर राज्यातील प्रथम नागरी व लगोलग ग्रामीण भागांतील शाळा बंद करण्यात आल्या. दहावीच्या परीक्षेचा भूगोलाचा अखेरचा पेपर रद्द झाला आणि पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना वरच्या वर्गात घालण्यात आले. जून २०२० मध्ये नवे शैक्षणिक वर्ष कागदोपत्री सुरू झाले. पाठ्यपुस्तके घरोघरी वाटण्यात आली, शालेय पोषण आहाराचे तांदूळ व कडधान्य शिजवून देण्याऐवजी कोरडे दिले जाऊ लागले आणि अभ्यासक्रम सु. २५ टक्क्यांनी कमी करण्यात आला. नववी ते बारावीचे वर्ग स्थानिक प्रशासनाच्या निर्णयाच्या अधीन राहून २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून भरू लागले. दुसऱ्या लाटेने ते पुन्हा बंद पाडले. त्या वर्षी दहावी व बारावीच्या परीक्षाच झाल्या नाहीत. अंतर्गत मूल्यमापनाच्या आधारे लावलेला दहावीचा निकाल ९९.९५ टक्के होता. १५ जुलै २०२१ पासून कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे आणि ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवीच्या पुढील सर्व वर्ग उघडले. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीच्या वर्गांना १ डिसेंबर २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेमुळे आणखी काही दिवस खंड पडला व २४ जानेवारीपासून शाळा उघडण्यास पुन्हा मुभा मिळाली.

या तारखांचा क्रम लावून पाहिला असता एक गोष्ट स्पष्ट दिसते. जून २०२० मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत दाखल झालेले मूल अधिकृतपणे वर्गात प्रथम बसले ते दुसरीचे निम्मे वर्ष उलटल्यावर. त्याच्या थोरल्या भावंडांसाठी शाळा मधूनमधून उघडली. त्याच्यासाठी ती एकदाही उघडली नाही. मोठ्या मुलांना मुखपट्टी व अंतराचे नियम पाळता येतात आणि त्यांच्यापुढे सार्वजनिक परीक्षा असतात, ही या क्रमामागची कारणे होती व ती अयोग्य म्हणता येणार नाहीत. तथापि जो वर्ग शिक्षकावाचून सर्वांत कमी शिकू शकतो, तोच सर्वांत अधिक काळ शिक्षकापासून दूर राहिला.

हिंगोली जिल्ह्याची परिस्थिती : १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव हे पाच तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,७७,३४५ असून तीपैकी सु. ८५ टक्के ग्रामीण आहे. साक्षरतेचे प्रमाण ७८.१७ टक्के होते. वसमतची हळद, सोयाबीन, तूर व कापूस ही येथील नगदी पिके होत. डोंगराळ पट्ट्यातील कोरडवाहू शेती वर्षभर पुरत नसल्यामुळे दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात, तर काही बांधकामाच्या मजुरीसाठी पुणे, मुंबई व हैदराबादकडे जातात. कळमनुरी, औंढा नागनाथ या तालुक्यांत आंध या आदिवासी जमातीची गावे आहेत; बंजारा समाजाचे तांडे जिल्हाभर विखुरलेले असून तांड्यावरील मूल घरी गोरमाटी बोलते. प्रमाण मराठीशी त्याची खरी ओळख शाळेतच होते.

जिल्ह्यात साथीची पहिली मोठी संख्या नोंदली गेली ती एप्रिल-मे २०२० मध्ये, मालेगाव व मुंबई येथील बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांत. दूरच्या वाड्या-तांड्यांपर्यंत रोग पोचण्यास त्यानंतर अवधी लागला; परंतु शाळाबंदीचा नियम मात्र राजधानीपासून तांड्यापर्यंत एकच होता. साथीच्या आरंभी याहून वेगळे करणे कोणत्याही शासनास कठीण होते, हे मान्य केले पाहिजे. मार्च २०२१ च्या पहिल्या आठवड्यात, दुसऱ्या लाटेच्या आरंभी, जिल्हा प्रशासनाने १ ते ७ तारखांना संचारबंदी लागू करून नुकतेच उघडलेले वर्ग बंद केले. गाव हा घटक मानून निर्णय घेण्याची पद्धत जुलै २०२१ मध्ये आली : गावात निदान एक महिनाभर रुग्ण आढळलेला नसावा आणि ग्रामपंचायतीने ठराव करावा, म्हणजे वर्ग भरविता येत. ही सवलतही आठवीच्या पुढील वर्गांनाच होती.

स्थलांतराचा प्रश्न शाळाबंदीने अधिक बिकट केला. ऊसतोड कामगारांच्या मुलांनी गावीच राहावे म्हणून राज्यात हंगामी वसतिगृहांची योजना आहे; मूल आजी-आजोबांपाशी राहते, वसतिगृहात जेवते व शाळेत जाते. ही सर्व रचना शाळा भरण्यावर उभी आहे. शाळाच भरणार नसेल, तर मुलाला मागे ठेवण्याचे कारण उरत नाही; ते आईबापांबरोबर फडावर जाते आणि थोड्याच दिवसांत पाणी भरणे, लहान भावंडे सांभाळणे, वाढे गोळा करणे ही कामे त्याच्याकडे येतात. अशा मुलाचे नाव हजेरीपटावर राहते, परंतु शिक्षकाला ते कोणत्या कारखान्याच्या तळावर आहे हेही ठाऊक नसते.

साधने व त्यांच्या मर्यादा : राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एप्रिल २०२० पासून ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने दैनंदिन अभ्यासमाला सुरू केली. दीक्षा या शासकीय मंचावरील पाठांचे दुवे व्हॉट्सॲपद्वारे अधिकाऱ्यांकडून शिक्षकांकडे व शिक्षकांकडून पालकांकडे जात. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘स्वाध्याय’ ही साप्ताहिक प्रश्नमंजूषा त्याच मार्गाने देण्यात येऊ लागली. ही साखळी वरच्या टोकाला घट्ट व खालच्या टोकाला सैल होती. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत (२०१७-१८) भारतातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक व १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली होती. त्यानंतर स्मार्टफोनचा प्रसार झपाट्याने झाला. ‘असर’ या वार्षिक पाहणीनुसार ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांच्या घरांत त्याचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून सप्टेंबर २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. परंतु त्याच पाहणीत, मागील आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले एक-तृतीयांशाहून थोडी अधिकच होती. घरात फोन असणे आणि मुलाच्या हाती फोन असणे यांत अंतर आहे. फोन बापाच्या खिशात असतो व बाप दिवसा शेतात. संध्याकाळी तो घरी येतो तेव्हा भारनियमन असते किंवा दिवसाचा डेटा संपलेला असतो आणि तीन भावंडांत पहिला हक्क दहावीतल्या मुलाचा ठरतो. मुलींच्या वाट्याला तो बहुधा शेवटी येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांत सु. १,४०० मुलांची पाहणी झाली. तीत ग्रामीण मुलांपैकी नियमितपणे ऑनलाइन शिकणारी केवळ ८ टक्के होती, तर ३७ टक्के मुले मुळीच अभ्यास करीत नव्हती.

दूरचित्रवाणीची पोच फोनपेक्षा व्यापक होती. पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर दाखविण्यात आली. प्रत्येक इयत्तेचे ६० याप्रमाणे तिचे ४८० भाग होते. घरातल्या व परसातल्या वस्तू घेऊन, थोरांच्या मदतीने करावयाच्या कृतींवर तिचा भर होता, ही तिची जमेची बाजू. दहावी-बारावीसाठी ‘ज्ञानगंगा’ हा कार्यक्रम होता. नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ ऐकविली जाई. शैक्षणिक चित्रफितींसाठी १९८४ साली पुण्यात स्थापन झालेली बालचित्रवाणी ही शासकीय संस्था साथीच्या अवघी तीन वर्षे आधी, २०१७ मध्ये, बंद करण्यात आली होती. जुन्या चित्रफिती नव्या अभ्यासक्रमाला कितपत चालल्या असत्या हा प्रश्न वेगळा. परंतु मुलांसाठी पाठ कसा चित्रित करावा हे जाणणारी माणसे जेव्हा हवी होती, तेव्हा ती एका छपराखाली नव्हती.

ज्या ठिकाणी यंत्रे पोचत नव्हती, तेथे साधे उपाय योजले गेले. सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तीत एका मराठी शाळेने सु. ३०० घरांच्या भिंतींवर पाठ रंगविले. मुले गल्लीतून फिरत वाचीत व वहीत उतरवून घेत. पालघर जिल्ह्यातील दांडवळ येथे एका स्वयंसेवी संस्थेने ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविले. राज्यभर अनेक शिक्षकांनी कृतिपत्रिका तयार करून त्या किराणा दुकान, अंगणवाडी किंवा स्वस्त धान्य दुकान येथे ठेवल्या व आठवड्याने गोळा केल्या. मंदिराचा ओटा, समाजमंदिराची पडवी किंवा झाडाचा पार येथे पाच-सात मुलांचे गट बसवून, गावातील शिकलेल्या तरुण-तरुणींना ‘शिक्षणमित्र’ म्हणून हाताशी धरून त्यांनी शाळा चालविली. हे करणारे शिक्षक त्याच वेळी तपासणी नाक्यांवर, स्वस्त धान्य दुकानांवर आणि घरोघरच्या आरोग्य सर्वेक्षणांत नेमलेले होते. अशा मेळाव्यांत धोकाही होता. शेजारच्या कर्नाटकात ‘विद्यागम’ या नावाने शासनानेच मोकळ्या जागी गट भरविण्याची योजना ऑगस्ट २०२० मध्ये आखली; मुलांना व शिक्षकांना लागण झाल्याच्या बातम्या येताच ऑक्टोबरमध्ये ती स्थगित करावी लागली.

प्रारंभिक वाचनाचा प्रश्न : वरील सर्व साधनांची तुलना करताना ‘किती मुलांपर्यंत पोचले’ हाच निकष सामान्यतः लावला जातो. तो अपुरा आहे. साधन शिकणाऱ्याकडून काय गृहीत धरते, हे अधिक महत्त्वाचे. कृतिपत्रिका, भिंतीवरचा पाठ, प्रश्नमंजूषा व पाठ्यपुस्तक ही सर्व वाचता येणाऱ्यासाठी आहेत. दूरचित्रवाणी वाचनाची अपेक्षा करीत नाही. पण ती एकमार्गी आहे. सातवीतील मुलीला त्रैराशिक समजले नाही, तर ती पुस्तकातील सोडविलेले उदाहरण पुन्हा पाहू शकते. पहिलीतील मुलाला अशी परत जाण्याची जागाच नसते.

वाचनाचा आरंभ कसा होतो हे पाहिले म्हणजे त्यातील शिक्षकाचे काम ध्यानात येते. मूल ‘कमळ’, ‘बदक’ यांसारखे शब्द चित्रावरून किंवा पाठांतराने म्हणते. ते खरोखर वाचते की आठवून सांगते, हे चित्र झाकल्याशिवाय कळत नाही. पुढे काना, मात्रा, वेलांट्या येतात. ‘मीना’ व ‘मैना’, ‘कल’ व ‘काल’ यांत मूल घोटाळते; ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ यांची अदलाबदल करते. जोडाक्षरांत तर ‘रात्र’, ‘पर्वत’ व ‘ट्रक’ या तीन शब्दांत ‘र’ तीन ठिकाणी निरनिराळ्या रूपांत लपलेला असतो. प्रत्येक वेळी कोणीतरी मुलाचे बोट अक्षरावर ठेवून, त्याचे म्हणणे ऐकून, चूक तेथल्या तेथे दुरुस्त करावी लागते. एका मुलाला दिवसातून अशी पाच मिनिटे मिळाली, तरी वर्षभरात ते वाचू लागते. न मिळाली, तर रंगीत चित्रफितींचे तास वाया जातात. अंकगणितातही दशक-एकक ही कल्पना काड्यांचे गठ्ठे बांधून-सोडून हातानेच करावी लागते. शिकलेल्या घरांत हे काम आई, ताई किंवा आजोबा करतात, आणि म्हणून अशा घरांतील मुले शाळाबंदीतही वाचू लागली. ज्या घरांत शाळेत जाणारी ही पहिलीच पिढी आहे, तेथे ते करणारे वर्गशिक्षकावाचून दुसरे कोणी नव्हते. हिंगोलीच्या तांड्यावरील मुलाला याखेरीज आणखी एक भार होता : ज्या भाषेत वाचावयाचे, ती त्याच्या कानांवरून पुरेशी गेलेलीच नव्हती.

या दृष्टीने पाहता, आठवड्यातून एकदा वाडीवर जाऊन, पारावर बसून एकेका मुलाला वाचावयास लावणाऱ्या शिक्षकाची भेट रोजच्या दुव्यांपेक्षा मोलाची ठरते. कृतिपत्रिकेचेही तसेच आहे. ती वाटली गेली हे पुरेसे नाही. ती तपासून, चुकीच्या जागी खूण करून मुलाच्या हाती परत आली, तरच तिला अर्थ राहतो. शाळाबंदीच्या काळात शिक्षकांकडून जे अहवाल मागविले जात, त्यांत पाठविलेल्या दुव्यांची व जोडलेल्या पालकांची संख्या भरावयाची असे. परत केलेल्या वह्यांसाठी रकाना बहुधा नसे.

परिणाम : अझीम प्रेमजी प्रतिष्ठानाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतील (यांत महाराष्ट्र नव्हते) सरकारी शाळांतल्या १६,०६७ मुलांची पाहणी केली. आदल्या वर्षी येत असलेले भाषेतील निदान एक कौशल्य ९२ टक्के मुले आणि गणितातील एक कौशल्य ८२ टक्के मुले विसरली असल्याचे तीत दिसून आले. म्हणजे नुकसान दुहेरी होते : नवे शिकणे थांबले आणि जुनेही निसटले. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले; पाचवीत ते ५०.५ वरून ४२.८ टक्क्यांवर उतरले. तिसरीतील वजाबाकीची घट त्या मानाने कमी (२८.२ वरून २५.९ टक्के) होती. दुकानात जाणे, मजुरीचे पैसे मोजणे, बाजारचा हिशेब या गोष्टी शाळा बंद असतानाही चालू होत्या, वाचावयाचे प्रसंग मात्र अशा घरांत फारसे येत नाहीत, हे त्याचे एक कारण असू शकेल. शाळा सुरळीत झाल्यानंतर घट भरून येऊ लागली. सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांत वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०२२ मधील १६.३ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २३.४ टक्के झाले. मात्र २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुले साथ ओसरल्यावर पहिलीत आली होती, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. सुधारणा झाली ती त्यांच्यात. शाळाबंदीतील मुले तोपर्यंत वरच्या वर्गांत गेली होती.

या मुलांसाठी महाराष्ट्रात १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा ‘सेतू अभ्यासक्रम’ घेण्यात आला. मागील इयत्तेतील आवश्यक भाग उजळून घेणे हा त्याचा हेतू होता. तो सुरू झाला तेव्हा बहुतेक शाळा बंदच असल्याने त्याचे पाठही पूर्वीच्याच मार्गाने फोनवरून पाठवावे लागले. जुलै २०२१ मध्येच केंद्र शासनाने ‘निपुण भारत’ हे पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाचे अभियान जाहीर केले. त्याचे लक्ष्य तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला २०२६-२७ पर्यंत वाचता व आकडेमोड करता यावी हे आहे. जून २०२० मध्ये पहिलीत आलेली मुले तिसरी पूर्ण करून २०२३ मध्येच पुढे गेली. दरम्यान राज्याने शिक्षणहक्क नियमांत बदल करून २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा लागू केली. पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला त्याच इयत्तेत ठेवण्याची तरतूद तीत आहे. पहिली व निम्मी दुसरी ज्यांनी वर्गाबाहेर काढली, ती मुले २०२४-२५ च्या अखेरीस पाचवीच्या या परीक्षेस बसली.